अंधुक ताऱ्यांची खानेसुमारी

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने ‘वाईज’ नावाच्या एका लहानशा अवकाश-दुर्बिणीला अखेरची आज्ञा धाडली आणि तिचे काम थांबविले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी ती पृथ्वीच्या वातावरणात शिरून जळून गेली. एखादे यान चंद्रावर उतरते तेव्हा वृत्तपत्रांचे मथळे सजतात; अवघ्या चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची, मधला सुमारे तीन वर्षांचा खंड वगळता २०१० पासून मुकाट्याने आकाशाची मोजदाद करीत राहिलेली दुर्बीण नाहीशी होते तेव्हा तसे काही घडत नाही. परंतु गेल्या तीस वर्षांत सूर्याच्या शेजारपाजाराविषयी मानवाला जे नवे ज्ञान झाले, त्यात अशा मोजदादीचा वाटा फार मोठा आहे. हे ज्ञान कसे मिळाले आणि त्याचा लाभ कोणाला घेता येतो, हे प्रश्न केवळ खगोलशास्त्रज्ञांचे नाहीत. सार्वजनिक पैसा विज्ञानावर कसा खर्च व्हावा, या वादात ज्यांना रस आहे त्या सर्वांनीच त्यांचा विचार करावयास हवा.

डोळ्यांची अपुरी साक्ष

उघड्या डोळ्यांना दिसणारे आकाश हा ताऱ्यांच्या लोकसंख्येचा प्रातिनिधिक नमुना नव्हे. व्याध, अगस्ती, स्वाती, ज्येष्ठा ही ज्यांची नावे लोकांच्या तोंडी आहेत ते तारे तेजस्वी आहेत म्हणूनच ते नजरेत भरतात. सूर्याच्या परिसरातील सुमारे तीन-चतुर्थांश तारे हे आकाराने लहान, तुलनेने थंड आणि अतिशय मंद असे लाल बटुतारे आहेत. आणि त्यांपैकी एकही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, म्हणजे मित्र ताऱ्याचा ‘प्रॉक्सिमा’ हा सोबती, तोसुद्धा दिसत नाही. शहरातील हवेल्या तेवढ्या मोजाव्यात आणि त्यांवरून तेथील राहणीमानाचा निष्कर्ष काढावा, तसाच हा प्रकार होय. ज्यांना अर्थव्यवहाराच्या आकडेवारीशी झगडावे लागते त्यांना हा दोष परिचयाचा आहे. जे ठळक असते ते मोजले जाते, जे मोजले जाते तेच अस्तित्वात आहे असे हळूहळू मानले जाते, आणि उरलेल्या बहुसंख्येचा विचार मागे पडतो.

लाल बटुताऱ्यांच्याही खाली आणखी एक थर असला पाहिजे, हे प्रथम कागदावर सिद्ध झाले. अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६०नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत गणिताने दाखवून दिले की, वायूचा एखादा गोळा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे सात-आठ टक्क्यांहून हलका असेल, तर त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे ज्वलन टिकून राहील इतके तापमान कधीच निर्माण होत नाही. जपानमध्ये हायाशी आणि नाकानो यांनीही १९६३ मध्ये स्वतंत्रपणे हाच मुद्दा मांडला. अशा गोळ्याला १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी ‘ब्राउन ड्वार्फ’ हे नाव सुचविले; मराठीत त्याला तपकिरी बटुतारा म्हणता येईल. गुरू ग्रहाच्या ढोबळमानाने तेरापट ते पंचाहत्तर-ऐंशीपट एवढे त्याचे वस्तुमान असते. वडिलोपार्जित पुंजीवर निर्वाह करणाऱ्या घराण्याप्रमाणे हा तारा जन्मकाळी आकुंचनातून मिळालेली उष्णता खर्च करीत राहतो. मिळकत जवळजवळ नाहीच. त्यामुळे कोट्यवधी वर्षे तो केवळ निवत जातो.

शिकार आणि मोजणी

सिद्धान्त मांडला गेल्यापासून सुमारे तीस वर्षे एकही निर्विवाद तपकिरी बटुतारा सापडला नाही. १९८८ मध्ये एका श्वेत बटुताऱ्याजवळ एक विलक्षण थंड सोबती आढळला होता. परंतु त्याचे काय करावे, तो कोणत्या वर्गात घालावा, हेच तेव्हा ठरविता येत नव्हते. मग १९९५ मध्ये एकदम दोन शोध जाहीर झाले. स्पेनच्या कॅनरी बेटांवरील संशोधकांना आपल्या परिचयाच्या कृत्तिकांच्या पुंजक्यात ‘टेइडे-१’ सापडला. तर अमेरिकेतील पालोमार येथील दुर्बिणींच्या साहाय्याने, सुमारे १९ प्रकाशवर्षे अंतरावरील ‘ग्लीझ २२९’ या लाल ताऱ्याचा अंधुक सोबती उघडकीस आला. या दुसऱ्या शोधातील प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. या सोबत्याच्या वर्णपटात मिथेन वायूची खूण मिळाली. मिथेन टिकून राहतो तो हजार अंशांच्या आसपास वा त्याहून कमी तापमानाला. कोणत्याही खऱ्या ताऱ्याचा पृष्ठभाग इतका थंड नसतो. वादाला जागाच उरली नाही.

हे दोन्ही शोध थोर होते. तथापि ते शिकारीचे शोध होते. कोठे दबा धरून बसावयाचे ते आधी ठरविलेले होते: एकदा ताऱ्यांच्या तरुण पुंजक्यात, एकदा जवळच्या ताऱ्याच्या कुशीत. अशा मार्गाने एक-दोन नमुने हाती येतात. एखादा समाज केवढा आहे, त्यात किती प्रकार आहेत, हे कळत नाही. ते कळावयाचे तर कोणताही पूर्वग्रह न ठेवता संपूर्ण आकाश घराघराने मोजावे लागते. आणि ही मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात करून भागत नाही. वस्तू जितकी थंड तितका तिचा प्रकाश वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे सरकतो. सूर्याचे तेज अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते. हजार अंश केल्विन तापमानाच्या वस्तूचे ते तीन मायक्रॉनच्या जवळ, तर आपल्या राहत्या खोलीइतक्या उबदार वस्तूचे दहा मायक्रॉनच्या जवळ असते. हेच ते अवरक्त किरण. १८०० साली विल्यम हर्शल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्याच्या तांबड्या कडेपलीकडे तापमापक ठेवून ते प्रथम ओळखले.

ओळख झाली तरी वापर सोपा नव्हता. हवेतील पाण्याची वाफ या किरणांचा बराचसा भाग गिळून टाकते. शिवाय दुर्बीण स्वतःच उबदार असल्यामुळे तीही याच किरणांनी उजळून निघते. भर दुपारी काजवे शोधण्यासारखे ते काम आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील नॉयगेबाउअर आणि लेटन यांनी पहिली मोठी अवरक्त सूची प्रसिद्ध केली, तेव्हा तीत सुमारे ५,६०० नोंदी होत्या. १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांच्या ‘आयरास’ या उपग्रहाने दहा महिन्यांत जवळजवळ सारे आकाश पाहून काढले. १९९७ ते २००१ या काळात ‘टू-मास’ या सर्वेक्षणाने ॲरिझोनात एक आणि चिलीत एक अशा जुळ्या दुर्बिणी लावून सुमारे ४७ कोटी बिंदुवत ज्योतींची नोंद केली. या दुर्बिणींचे आरसे अवघे १.३ मीटर व्यासाचे होते. म्हणजे आपल्या अबूच्या गुरुशिखरावरील १.२ मीटर दुर्बिणीहून किंचित मोठे. यश मिळाले ते आरशाच्या भव्यतेमुळे नव्हे. उत्तम अवरक्त ग्राहक, कोरड्या हवेच्या जागा, काटेकोर आखणी आणि मिळालेल्या माहितीवर नेटाने केलेले संस्करण या गोष्टींचे ते फळ होते.

ओळखीची कसोटी

कोट्यवधी ठिपक्यांतून हवे ते मोजके ठिपके वेगळे कसे काढावयाचे, हा यापुढचा प्रश्न. पहिली चाळणी रंगाची. जो ठिपका अवरक्त छायाचित्रात ठळक आहे आणि नेहमीच्या छायाचित्रात दिसतच नाही, तो संशयित. ‘वाईज’ने चार तरंगलांबींत आकाश पाहिले. त्यांपैकी ३.४ मायक्रॉनच्या पट्ट्यातील प्रकाश अतिथंड ताऱ्याच्या वातावरणातील मिथेन शोषून घेतो, तर ४.६ मायक्रॉनच्या पट्ट्यातील प्रकाश बाहेर पडतो. साहजिकच पहिल्या चित्रात मलूल आणि दुसऱ्यात टपोरा असा ठिपका हाती लागला की शोध सुरू होतो.

पण सोंगे घेणारे पुष्कळ असतात. धुळीआड झाकलेला दूरचा राक्षसी तारा असो की एखादी दीर्घिका, दोन्ही तितकीच लाल दिसू शकतात. म्हणून दुसरी चाळणी गतीची. धावत्या आगगाडीतून पाहताना रुळांशेजारचे खांब झरझर मागे जातात आणि क्षितिजावरचा डोंगर जागचा हलत नाही. त्याच न्यायाने जवळचा तारा काही वर्षांत आपली जागा बदलताना दिसतो, दूरची दीर्घिका बदलत नाही. म्हणजे एकच आकाश पुन्हा पुन्हा मोजावे लागते. एका वर्षाची खानेसुमारी कितीही चांगली असली तरी वाढ-घट कळते ती दुसऱ्या खानेसुमारीनंतरच. या दोन्ही चाळण्यांतून जे उरतात त्यांचा वर्णपट मोठ्या दुर्बिणीने घ्यावयाचा आणि मग त्यांचा वर्ग ठरवावयाचा.

वर्गवारीची ही परंपरा जुनी आहे. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा ताऱ्यांचा उतरत्या तापमानाचा क्रम विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत पक्का झाला. ॲनी जंप कॅनन यांनी तेथे सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्णपट एकेक करून तपासले; त्यांची सूची १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झाली. त्या वेधशाळेत असे काम करणाऱ्या स्त्रियांना सुरुवातीच्या काळात तासाला २५ ते ५० सेंट इतकीच मजुरी मिळत असे, आणि त्यांना ‘गणक’ म्हटले जाई. आधुनिक खगोलभौतिकीची इमारत ज्या पायावर उभी आहे, तो पाया या गणकांनी घातला. ‘टू-मास’च्या सूचीतून असे तारे बाहेर येऊ लागले की जे ‘एम’ या शेवटच्या खणातही बसेनात. १९९९ मध्ये डेव्ही कर्कपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एल’ हा नवा वर्ग मांडला. १९८८ पासून ताटकळत राहिलेल्या त्या विलक्षण सोबत्याला अखेर घर मिळाले. मिथेन दाखविणाऱ्यांसाठी ‘टी’ हा वर्ग आला. पुढे ‘वाईज’च्या माहितीतून २०११ मध्ये ‘वाय’ हा सर्वांत थंड वर्गही प्रत्यक्षात अवतरला. जवळजवळ शतकभर पूर्ण मानल्या गेलेल्या यादीत बारा-तेरा वर्षांत तीन वर्गांची भर पडली.

या वर्गवारीतही एक गोम आहे. सूर्यासारखा तारा आपल्या वर्गात अब्जावधी वर्षे राहतो. तपकिरी बटुतारा मात्र निवत निवत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात उतरतो. म्हणून हलका पण तरुण गोळा आणि जड पण वृद्ध गोळा हे दोन्ही आज एकाच तापमानाचे असू शकतात. एका वर्षाच्या उत्पन्नावरून कोणाची मालमत्ता किती हे जसे ठरविता येत नाही, तसेच वर्गावरून येथे वस्तुमान ठरविता येत नाही. ‘ग्लीझ २२९’च्या त्या गाजलेल्या सोबत्याचेच पाहा. त्याच्या वस्तुमानाच्या मानाने तो फारच मंद का, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. २०२४ मध्ये उलगडा झाला की, तो एक नसून बारा दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालणारी ती जोडी आहे. वर्गाचे लेबल लावून झाले म्हणजे ज्ञान संपले, असे मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

खुला दफ्तरखाना

या साऱ्या प्रयत्नातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र शास्त्रीय नसून प्रशासकीय होता. या सर्वेक्षणांची माहिती तपासून, नीट लावून, सर्वांना विनामूल्य खुली करण्यात आली. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही खरी सार्वजनिक वस्तू होय. एकाने तिचा वापर केला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला ती कमी येत नाही. पहिली प्रत तयार करण्यास प्रचंड खर्च येतो. दहा हजारावी प्रत जवळजवळ फुकट पडते. अशी वस्तू कुलपात ठेवणे म्हणजे धरण बांधून कालवे न काढणे होय.

कालवे काढल्यामुळे काय झाले ते पाहावे. २०१३ मध्ये केविन ल्युहमन यांनी ‘वाईज’च्या खुल्या माहितीतून सूर्यापासून अवघ्या साडेसहा प्रकाशवर्षांवर असलेली तपकिरी बटुताऱ्यांची एक जोडी शोधून काढली. मित्र ताऱ्यांचे कुटुंब आणि बर्नार्डचा तारा एवढेच काय ते तिच्याहून जवळ. इतका जवळचा नवा शेजारी १९१६ नंतर प्रथमच सापडला होता. आणि गंमत अशी की, जुन्या सर्वेक्षणांच्या छायाचित्रांतही ही जोडी उमटलेली होती; फक्त कोणी तिची दखल घेतली नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांनी सुमारे सव्वासात प्रकाशवर्षांवरील असा एक गोळा दाखविला की ज्याचे तापमान पाणी गोठण्याच्या बिंदूच्याही खाली असावे. ताऱ्यांच्या कुळात जन्मलेली वस्तू हिमालयातील बर्फाहून थंड असू शकते, ही कल्पना काही दशकांपूर्वी हास्यास्पद ठरली असती. २०१७ पासून तर हजारो सामान्य नागरिक, ज्यांत शिक्षक आहेत आणि निवृत्त नोकरदारही आहेत, ‘वाईज’ची जुनी-नवी चित्रे आलटूनपालटून पाहून हलणारे ठिपके शोधीत आहेत. २०२० मध्ये त्यांच्या मदतीने ९५ नव्या थंड शेजाऱ्यांची नोंद झाली.

मोजणीचे आणखी एक काम असते. ती कल्पनांचे फुगे फोडते. तपकिरी बटुतारे ताऱ्यांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक असतील, आणि विश्वातील न दिसणाऱ्या वस्तुमानाचा हिशेब त्यांच्यामुळे लागेल, अशी आशा एके काळी काहींना होती. २०२४ मध्ये सूर्याभोवतालच्या सुमारे ६५ प्रकाशवर्षांच्या टापूतील सुमारे ३,६०० तारे आणि तपकिरी बटुतारे यांची गणती प्रसिद्ध झाली. चार ताऱ्यांमागे एक तपकिरी बटुतारा, असे प्रमाण तीत निघाले. ती आशा संपली. पण तिच्या जागी एक खरा आकडा आला. धोरण असो वा सिद्धान्त, तो खऱ्या आकड्यावर उभा राहावा यापेक्षा अधिक काय हवे?

गरीब देशाचा प्रश्न

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. ज्या देशात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारी गावे आहेत, त्याने न दिसणाऱ्या ताऱ्यांच्या मागे का लागावे? हा आक्षेप हिणकस नाही आणि उपयोगांची लांबलचक यादी पुढे करून त्याला उत्तर देण्याचा मोह टाळलेलाच बरा. ‘वाईज’ने आयुष्याच्या उत्तरार्धात पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांवर पाळत ठेवली हे खरे, परंतु अंधुक ताऱ्यांच्या ज्ञानातून उद्या धान्य पिकेल असे कोणी सांगू नये. खरे उत्तर वेगळे आहे. मुख्य खर्च दुसऱ्यांनी केलेला आहे, माहिती खुली पडलेली आहे आणि ती वापरण्यास लागते ते एक साधे संगणकयंत्र, थोडे संख्याशास्त्र आणि पुष्कळ चिकाटी. अशा स्थितीत तिच्याकडे पाठ फिरविणे ही काटकसर नव्हे. ती उधळपट्टीच आहे, फक्त पैशाऐवजी तरुण बुद्धीची.

आपल्याकडे सुरुवातच नाही, असेही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनद्वारे अवरक्त दुर्बीण उंच वातावरणात पाठविण्याचे काम अनेक वर्षे केले. लडाखमधील हानले येथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, कोरड्या हवेत, दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. नैनितालजवळ देवस्थळ येथील ३.६ मीटर दुर्बिणीवर याच टाटा संस्थेच्या सहभागाने अवरक्त वर्णपटमापक बसविण्यात आला आहे. पुण्याचे ‘आयुका’ हे केंद्र तर विद्यापीठांतील अध्यापकांना संशोधनाच्या प्रवाहात आणण्यासाठीच १९८८ मध्ये स्थापन झाले. उणीव आहे ती या टोकापासून त्या टोकापर्यंत कालवा खणण्याची.

त्यासाठी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक दुर्बिणीची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर, वापरता येतील अशा स्वरूपात, सर्वांना खुली असावीत. ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाच्या बाबतीत हे घडले आहे; तो अपवाद न राहता नियम व्हावा. दुसरी, पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतील प्रकल्प याच खुल्या सूचींवर बेतावेत. गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातील विद्यार्थी आणि पालोमारचा संशोधक यांना या एका बाबतीत तरी सारखीच सामग्री उपलब्ध आहे. विषमतेने भरलेल्या जगात अशी समान संधी सहसा मिळत नाही. तिसरी, सूची तयार करणे, चुका शोधणे, वर्गवारी तपासणे या कष्टाच्या कामाला बढतीच्या व अनुदानाच्या वेळी संशोधनाचा मान द्यावा. हार्वर्डच्या गणकांवर झालेला अन्याय नव्या रूपात चालू राहू नये.

मार्च २०२५ मध्ये ‘स्फीअरएक्स’ ही नवी अवरक्त दुर्बीण सारे आकाश १०२ रंगांत मोजण्यासाठी अवकाशात गेली आणि तिची माहितीही सर्वांसाठी खुली आहे. म्हणजे खानेसुमारीचे काम थांबलेले नाही. ज्या देशाची स्वतःच्या नागरिकांची २०२१ ची खानेसुमारीसुद्धा ठरल्या वेळी झाली नाही, त्याला मोजणीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जे तळपतात त्यांची नोंद कोणीही घेतो. जे अंधुक आहेत, थंड आहेत, ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष नाही, त्यांना शोधून त्यांच्या योग्य जागी लिहून ठेवणे ही ज्ञानाची तशीच समाजाचीही कसोटी असते. सूर्याच्या अगदी दारातले शेजारी शतकभर आपल्याला ठाऊक नव्हते. चुकार ठिपका म्हणून दुर्लक्षिलेले आणखी किती शेजारी त्या खुल्या दफ्तरात आजही पडून असतील, आणि त्यांतला एखादा महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या नजरेस पडेल की नाही, हे मात्र आपल्या विद्यापीठांनी ठरवावयाचे आहे.